ययाती ते मृत्युंजय : निवाडा कादंबरीने द्यावा की वाचकाने?

तळटीप

मराठी कादंबरीचा विषय निघाला की बोलणे दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एका वाटेवरचे लोक 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाती' ही नावे घेतात, दुसऱ्या वाटेवरचे 'कोसला' आणि 'धग'. आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे जराशी कीव करत पाहतात. तो वाद येथे पुन्हा उगाळण्यात मला रस नाही. म्हणून चर्चेला एक कुंपण घालतो. १९५९ ते १९६७ या काळात 'ययाती' (१९५९), 'फकिरा' (१९५९), 'धग' (१९६०), 'स्वामी' (१९६२), 'रथचक्र' (१९६२), 'कोसला' (१९६३) आणि 'मृत्युंजय' (१९६७) अशा एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या कादंबऱ्या मराठीत प्रसिद्ध झाल्या. दळवींची 'चक्र', खानोलकरांची 'रात्र काळी घागर काळी', भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' याही त्याच काळातल्या. परंतु त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हावा इतके बोलण्यासारखे आहे. एकाच पिढीच्या वाचकांसमोर, बहुधा एकाच ग्रंथालयाच्या एकाच कपाटात या कादंबऱ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, हे लक्षात घेऊन त्यांच्याकडे पाहावे अशी विनंती आहे.

यांतल्या बहुतेक कादंबऱ्या मी विद्यार्थिदशेत वाचल्या होत्या आणि अलीकडे पुन्हा वाचल्या. दुसऱ्या वाचनात मला जो फरक जाणवला तो 'लोकप्रिय' आणि 'वाङ्मयीन' या शिक्क्यांनी समजत नाही. फरक आहे तो निवाड्याचा. काही कादंबऱ्या आपल्या माणसांविषयीचा निकाल स्वतःच लावून टाकतात आणि वाचकाने केवळ मान डोलवावी अशी व्यवस्था करतात. काही कादंबऱ्या पुरावा समोर ठेवतात आणि बाजूला होतात.

'ययाती'चेच पाहा. खांडेकरांनी निवेदन तिघांकडे सोपवले आहे : ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. वरवर पाहता ही मोठी लोकशाही रचना आहे. तिघांनी आपापली बाजू मांडावी आणि वाचकाने ठरवावे. प्रत्यक्षात चौथा माणूस, म्हणजे कच, निवेदक नसूनही प्रत्येकाचे माप त्याच्याच मापाने घेतले जाते. देवयानी त्याच्यापुढे अहंकारी ठरते, ययाती कामांध ठरतो, शर्मिष्ठा तेवढी उत्तीर्ण होते. महाभारतातल्या ययातीला हजार वर्षांच्या उपभोगानंतर 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति' हे कळते, आणि ते त्याचे स्वतःचे, भोगून मिळवलेले ज्ञान आहे. खांडेकरांच्या ययातीला ते पानोपानी इतर लोक सांगत असतात. भाषा अशी की प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक सुभाषित ठरलेले. ती सुभाषिते वहीत उतरवून घेणारी एक अख्खी पिढी होती, आणि त्या पिढीला हसण्याचे मला काही कारण नाही. परंतु पुन्हा वाचताना असे वाटले की पात्राला एखादी वेदना होते न होते तोच लेखक तिचा अर्थ सांगायला पुढे येतो.

शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये ही रचना आणखी विस्तारलेली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत आणि एकूण नऊ भाग आहेत, त्यांपैकी चार एकट्या कर्णाचे. कल्पना विलक्षण आहे आणि सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर असलेल्या एका शिक्षकाने ती पेलली याचे कौतुक वाटते. मात्र सहा साक्षीदार तपासूनही एकाचीही उलटतपासणी होत नाही. आई, पत्नी, धाकटा भाऊ, मित्र, इतकेच काय, विरुद्ध पक्षाचा सारथी असलेला श्रीकृष्णसुद्धा आरोपीच्या बाजूनेच बोलून जातो. ज्या एका व्यक्तीची साक्ष खरोखर महत्त्वाची होती त्या द्रौपदीला लेखकाने निवेदन दिलेच नाही.

याच्या उलट 'धग'. उद्धव शेळके यांची कौतिक ही शिंप्याच्या घरातली बाई. नवऱ्याचे, महादेवचे, शिवणकामात मन लागत नाही. संसार सावरण्यासाठी ती गाव बदलते, शेतात राबते, पोराला शिकवण्याचे स्वप्न पाहते, आणि एकामागून एक सगळे हातातून निसटत जाते. या कादंबरीत कौतिकचे कौतुक करणारे एक वाक्य सापडत नाही. लेखक तिला 'थोर' म्हणत नाही आणि महादेवला 'नालायक'ही म्हणत नाही. तो माणूस तसा आहे, एवढेच आपल्याला दिसते.

माझे म्हणणे असे, की पहिल्या वाचनात निवाडा देणारी कादंबरी जिंकते आणि दुसऱ्या वाचनात पुरावा देणारी. आपला अनुभव काय आहे?

ग्रंथालयातला माणूस

धाग्याचा विषय आवडला, परंतु आपल्या मांडणीतले एक गृहीतक मला मान्य नाही. वाचक कादंबरीकडे न्यायाधीश होण्यासाठी येतो असे आपण धरून चालला आहात.

मी आयुष्यभर एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर बसलो. 'मृत्युंजय'च्या प्रती आमच्याकडे सतत बांधणीला जात असत. पुस्तकाच्या आतल्या पाकिटातली तारखांची चिठ्ठी भरली की तिच्यावर दुसरी चिठ्ठी डकवायची, दुसरीवर तिसरी, असे करता करता ते पाकीट पुस्तकापेक्षा जाड दिसू लागे. परत आलेली प्रत हातात घेऊन तिच्या कडेकडे पाहिले तर कोणती पाने जास्त हाताळली गेली आहेत ते काळपट पट्ट्यावरून कळते. कवचकुंडलांच्या दानाचा भाग आणि अखेरचे युद्ध येथे तो पट्टा हमखास असे. याच माणसांना ती पाने पुन्हा पुन्हा का वाचावीशी वाटत होती? कर्ण दोषी की निर्दोष याचा निकाल लावण्यासाठी नक्कीच नाही. निकाल त्यांना ठाऊकच होता.

कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचे पुढे काय होणार ते माहीत असते. तो कथेसाठी जातो, गोष्टीत पुढे काय घडते यासाठी नव्हे. 'मृत्युंजय' हा त्या जातीचा ग्रंथ आहे. त्याची भाषा मोठ्याने वाचण्याची आहे. विशेषणांची आणि उपमांची जी गर्दी आपल्याला डोळ्यांनी वाचताना खटकते ती कानांनी ऐकताना खटकत नाही. आमच्याकडे एक गिरणी कामगार यायचे, त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. त्यांची मुलगी रात्री जेवणानंतर वाचून दाखवी आणि घरातले सगळे ऐकत. 'कोसला' अशी वाचून दाखवून पाहा म्हणजे माझे म्हणणे पटेल.

आणखी एक सांगतो. जन्मावरून हिणवल्या गेलेल्या माणसाची ही कथा कोण वाचत होते हेही पाहिले पाहिजे. खिडकीवर ही कादंबरी मागणाऱ्यांत ज्यांच्या घरात पहिल्यांदाच पुस्तक जात होते अशी मुले बरीच असत. त्यांना कर्णाची उलटतपासणी नको होती. ती त्यांची स्वतःची रोजच होत होती.

नदीकाठ

मी या सगळ्या कादंबऱ्या त्यांतल्या स्त्रियांकडे लक्ष ठेवून वाचल्या, आणि त्या दृष्टीने तळटीप यांची निवाड्याची कसोटी उपयोगी पडते, हे आधीच मान्य करते.

देवयानीविषयी प्रथम. ज्या मुलीने एका पुरुषावर प्रेम केले, त्याचे प्राण वडिलांकडून पुन्हा पुन्हा परत मिळवले, आणि ज्याने विद्या हस्तगत झाल्यावर 'तू गुरुकन्या, म्हणून माझी बहीण' असे सांगून निरोप घेतला, तिला राग येणे यात अहंकार कोणता? पुढे तिचा नवरा तिच्याच दासीशी गुप्त संबंध ठेवतो. या दोन प्रसंगांनंतर ती कडवट झाली तर कादंबरीने तिच्याकडे जरा थांबून पाहायला हवे होते. खांडेकर तिला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावतात, परंतु तिच्या तोंडी अशी वाक्ये घालतात की वाचकाने तिच्यावर रुष्ट व्हावे. निवेदनाचा हक्क देणे आणि बाजू मांडू देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला 'ययाती'ने शिकवले. लेखकाचा तो हेतू नव्हता, ही गोष्ट वेगळी.

'स्वामी'त माझी अडचण रमाबाईंपाशी होते. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. इतिहासात हे घडलेले आहे, ते बदलता येत नाही. परंतु रणजित देसाई यांनी कादंबरीची सारी बांधणी अशी केली आहे की सती जाणे हे त्या संसाराचे सर्वांत सुंदर शिखर वाटावे. हळव्या, अबोल, एकमेकांना पुरेसा वेळ न देऊ शकलेल्या दोन जिवांची कथा चारशे पाने वाचल्यावर वाचक चितेपाशी येतो तो डोळे पुसतच. त्या अश्रूंना मी नावे ठेवत नाही, माझेही डोळे भरले होते. पुस्तक मिटल्यानंतर मात्र भीती वाटली, की एका तरुण मुलीचे जळणे मी इतक्या तृप्तीने कसे वाचले?

आणि या दोन्हींच्या शेजारी 'रथचक्र' ठेवून पाहावे. पेंडसे यांनी नायिकेला नावच दिलेले नाही. नवरा घर सोडून निघून गेलेला, एकत्र कुटुंबात दीर-जावांचे राज्य, आणि हिचा एकच ध्यास, की मुलगा शिकला पाहिजे. त्यासाठी ती घर सोडून तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करते. ती नेहमी चांगली वागते असे नाही. मुलावर ती जो हक्क गाजवते तो काही वेळा असह्य होतो. ती शेवटी काय करते हे न वाचलेल्यांसाठी येथे सांगत नाही. मी ही कादंबरी बऱ्याच मैत्रिणींना दिली. कोणाला ती बाई हेकट वाटली, कोणाला आपल्या आजीसारखी, एकीने तर मुलाची बाजू घेऊन माझ्याशी भांडण केले. देवयानीवरून असे भांडण होत नाही, कारण भांडायला जागाच ठेवलेली नाही. 'रथचक्र'ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, परंतु आज ती 'गारंबीचा बापू' आणि 'तुंबाडचे खोत' यांच्या सावलीत गेली आहे, याचे वाईट वाटते.

पेठकर

'स्वामी'वर अन्याय होतो आहे. काका-पुतण्यांच्या संघर्षाचे जे चित्रण त्यात आहे ते भाबडे नाही. राघोबादादा हे खलपुरुष नाहीत. दुखावलेला, हलक्या कानाचा, पराक्रमी आणि तरीही कोणाच्या तरी आधाराशिवाय न उभा राहणारा असा तो माणूस आहे, आणि माधवरावांना त्याला नजरकैदेत ठेवावे लागते तेव्हा वाचक दोघांसाठीही कळवळतो. राक्षसभुवनच्या विजयाच्या भागात तर पुतण्याचा मोठेपणा आणि काकांची अगतिकता एकाच वेळी दिसते. निवाडा वाचकावर सोपवणे म्हणजे आणखी काय असते? दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे आणि थेऊरला जाऊन रमाबाईंच्या वृंदावनापुढे डोळे टिपणाऱ्या मंडळींमुळे ही कादंबरी केवळ प्रेमकथा म्हणून लक्षात राहिली. तो दोष वाचकांचा आहे.

वऱ्हाडपांढरी

'धग'चे नाव पहिल्याच प्रतिसादाच्या आधी आले याचे समाधान वाटले. अशा याद्यांत ते सहसा शेवटी 'आणि इतर'मध्ये असते.

मात्र तळटीप यांनी 'धग' आणि 'मृत्युंजय' यांना दोन टोकांना बसवले आहे त्याबद्दल शंका आहे. शेळके निवाडा देत नाहीत हे खरे, परंतु घटनांची निवड हाही एक प्रकारचा निवाडाच असतो. कौतिकवर संकटे येतात ती कोणत्या क्रमाने आणि किती येतात हे पाहा. सासऱ्याशी बिनसते, थोरला मुलगा हाताबाहेर जातो, नवऱ्याला महारोग होतो आणि अखेर तिचे स्वतःचे भान सुटते. कर्णाला जसा नशिबाचा शाप, तसाच कौतिकलाही आहे. फरक एवढाच की तिच्यासाठी कोणी शंख फुंकत नाही. दुःख एवढे रचल्यावर वाचक तिच्या बाजूने झुकणार नाही तर काय करील?

असे असूनही 'धग' माझ्या लेखी मोठी आहे, आणि त्याचे कारण तिच्यातल्या संवादांत आहे. तिच्यातली माणसे भांडतात तेव्हा आमच्या अमरावतीकडची माणसे जशी भांडतात तशीच भांडतात : मूळ मुद्द्याला हात न लावता, जुन्या उण्यादुण्यांवरून, भाकरी थापता थापता. कौतिक रागावली की ती महादेवला एक शब्द बोलत नाही आणि पोरावर ओरडते. महादेवला कळते की हे आपल्याला आहे, आणि तो उठून बाहेर जातो. असे भांडण ज्याने घरात पाहिले आहे त्याला पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी वऱ्हाडीला विनोदाची बोली समजून तिच्यावर प्रेम केले. शेळके यांनी त्याच बोलीत एका बाईची पूर्ण शोकांतिका लिहिली आणि तिच्यात हसण्यासाठी एकही सोय ठेवली नाही. कदाचित म्हणूनच ती फारशी वाचली गेली नाही.

तळटीप

ग्रंथालयातला माणूस यांच्या प्रतिसादातले अखेरचे वाक्य फार नेमके आहे, आणि त्यावर मला विचार करावा लागला. माझे उत्तर असे.

कर्णाला सहानुभूती मिळू नये असे माझे म्हणणे नाही. महाभारतातल्या कर्णाला ती मिळतेच, आणि त्याचे दोष दाखवून मिळते. सभापर्वात द्रौपदीला भर सभेत 'बंधकी' म्हणणारा आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरवायला दुःशासनाला सांगणारा माणूस कर्णच आहे. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळ काढणाराही तोच. हे सारे ठेवूनही व्यासांचा कर्ण आपल्याला चटका लावतो. 'मृत्युंजय'मध्ये द्यूतसभेतले वर्तन हा स्वयंवरातल्या अपमानाचा परिणाम म्हणून येतो, म्हणजे गुन्ह्याच्या आधीच त्याची सबब तयार असते.

येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे, काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. 'मी सूतपुत्राला वरणार नाही' हा द्रौपदीचा जो उद्गार आपल्या साऱ्यांच्या मनात घर करून आहे, तो त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. संपादकांनी तो प्रक्षिप्त ठरवून खाली टाकला आहे. त्यानंतर एका वर्षाने, १९६७ मध्ये, दोन मराठी पुस्तके आली. एक 'मृत्युंजय', दुसरे इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. इरावतीबाईंच्या कर्णावरील लेखाचे शीर्षक 'मी कोण?' असे आहे. त्या प्रश्नाची कणव लेखात पुरेपूर आहे, तरीही कर्णाच्या एकाही चुकीवर पांघरूण घातलेले नाही. एकाच वर्षी मराठी वाचकापुढे दोन कर्ण उभे राहिले आणि त्याने त्यांतला एक घरात नेला. सावंतांनी चिकित्सक आवृत्ती पाळायला हवी होती असे अजिबात नाही. कादंबरीकाराला परंपरेतला कोणताही धागा उचलण्याचा अधिकार आहे, आणि तो नकाराचा प्रसंग लोकपरंपरेत शतकानुशतके रुजलेला आहे. माझी तक्रार एवढीच, की तो प्रसंग उचलताना नकार देणाऱ्या स्त्रीला तिची कारणे सांगायला एक पानही मिळू नये.

ज्यांची रोजच उलटतपासणी होते त्यांना निर्दोष कर्ण हवासा वाटणे मी समजू शकतो. पण मग याच काळात, याच महाराष्ट्रात, जन्मावरून हिणवल्या गेलेल्या माणसाची कथा आणखी एका लेखकाने सांगितली होती, ती त्याच वाचकांच्या हाती किती गेली? यावर कोणी लिहील का?

वारणाकाठ

मी लिहितो. आपला रोख 'फकिरा'कडे आहे हे उघड आहे.

आमच्या भागात ही कादंबरी ग्रंथालयातून कमी आणि जत्रेतल्या, मोर्चातल्या, जयंतीच्या दिवशी मांडलेल्या पुस्तकांच्या चादरीवरून जास्त घरी गेली. अण्णा भाऊ साठे यांनी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. कथा वाटेगाव परिसरातली, इंग्रजी अमदानीतली. फकिराचा बाप राणोजी शिगावच्या जत्रेतली जोगणी, म्हणजे जिच्यावर जत्रेचा मान अवलंबून असतो ती, आपल्या गावासाठी पळवून आणतो आणि त्यात मारला जातो. गावाच्या मानासाठी महारवाड्या-मांगवाड्यातल्या माणसाने जीव द्यायचा, आणि त्याच माणसाच्या वस्तीला सरकारदरबारी गुन्हेगार ठरवून रोजची हजेरी लावायची, हा विरोधाभास पहिल्या काही प्रकरणांतच उभा राहतो. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १८७१ चा. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो रद्द झाला. म्हणजे कादंबरी आली तेव्हा हजेरी देऊन आलेली माणसे हयात होती.

आता तळटीप यांच्या कसोटीला 'फकिरा' लावली तर ती नापास होईल. फकिरा देखणा आहे, शूर आहे, शब्दाचा पक्का आहे, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, बाईमाणसाला धक्का लावत नाही. लेखकाने त्याला सरळसरळ मखरात बसवले आहे. 'मृत्युंजय'च्या कर्णाइतकाच तो निर्दोष आहे.

तरीही या दोन निर्दोष नायकांत मला फरक दिसतो. कर्ण हा मुळात क्षत्रिय आहे, सूर्यपुत्र आहे; त्याच्यावरच्या अन्यायाचे मूळ त्याचा खरा जन्म लपला यात आहे. तो सूतपुत्र नव्हताच, हे कळल्यावर वाचकाला हळहळ वाटते. मग जो खरोखरच सूतपुत्र असेल त्याचे काय? शोणाचे काय, ज्याच्या जन्माचे कोणतेही रहस्य उलगडणार नाही? फकिराच्या कथेत असे रहस्य नाही. तो मांगवाड्यात जन्मला, मांग म्हणून जगला आणि तसाच मोठा झाला. त्याला मोठेपण मिळण्यासाठी कोणत्याही राजवाड्यातून निरोप यावा लागला नाही. निवाडा देणारी कादंबरी कोणाच्या बाजूने निवाडा देते आणि त्याआधी त्या माणसाला कोणत्या न्यायासनाने काय शिक्षा सुनावली होती, हे पाहिल्याशिवाय कसोटी पुरी होत नाही.

ग्रंथालयातला माणूस

वारणाकाठ यांनी शोणाविषयी जे लिहिले ते इतक्या वर्षांत माझ्या मनात आले नव्हते. कर्णाच्या धाकट्या भावाला लेखकाने निवेदन दिले, आणि त्याने केवळ दादाचे पोवाडे गायले. त्या भागाची पाने मी पुन्हा काढून पाहिली. राधा आणि अधिरथ यांच्या त्या झोपडीत जन्मलेल्या पोराच्या मनात एकदाही येत नाही का, की दादाला कवचकुंडले आहेत आणि मला का नाहीत? हा प्रश्न सुरुवातीच्या काही ओळींत डोकावतो आणि भक्तीत विरून जातो.

माझे 'मृत्युंजय'वरचे प्रेम याने कमी होत नाही, हेही नोंदवतो. कथा ऐकणाऱ्याला शंका आली तरी तो उठून जात नाही.

केळीची वाडी

एवढ्या लांबलचक धाग्यात भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी कोणी धड बोलले नाही. तिचे भक्त बहुधा बोलण्याच्या पलीकडे गेले असावेत. मी खानदेशातला, तिच्या नायकासारखाच, पांडुरंग सांगवीकरासारखाच, शिकायला पुण्यात आलेला, आणि वसतिगृहाची खानावळ तोट्यात चालवण्यात त्याच्याइतकाच पारंगत. त्यामुळे पहिल्या वाचनात ही माझीच गोष्ट आहे असे वाटले होते.

दुसऱ्या वाचनात दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी, की थट्टेचा भाग थोडा विरला. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा तो प्रसिद्ध वापर इतक्या लोकांनी उचलला, की मूळ लेखकाच्या हातात तो कसा ताजा होता हे आठवावे लागते. शिवाय पांडुरंग सगळ्यांची टर उडवतो, म्हणजे निवाडाच देतो. प्राध्यापक, पुढारी, कविमंडळी, वडील, सगळे त्याच्यापुढे हास्यास्पद ठरतात, आणि हे ठरवणारा पांडुरंग मात्र हसण्यापलीकडे राहतो. म्हणजे खांडेकर सुभाषिताने जे करतात ते नेमाडे अनेकदा उपहासाने करतात. तळटीप यांनी 'कोसला'ला पुरावा देणाऱ्या कादंबऱ्यांत सरसकट घालू नये.

दुसरी गोष्ट मनीच्या मृत्यूची. धाकटी बहीण देवीच्या रोगाने गेल्याचे कळते आणि कादंबरीची भाषा तेथे मोडून पडते. वाक्ये अर्धवट सुटतात, उपहास गळून जातो, एरवी प्रत्येक गोष्टीवर ताशेरे मारणाऱ्या माणसाकडे या एका गोष्टीसाठी शब्दच उरत नाहीत. कोणाला दोष द्यावा हे त्याला कळत नाही. तो वडिलांना देतो, घराला देतो, स्वतःला देतो आणि त्यातला एकही दोष टिकत नाही. विशीत मी हा भाग भराभर उलटला होता, कारण मला पुढची गंमत हवी होती. आता मुलीचा बाप झाल्यावर तेथून पुढे जाववेना. मला वाटते, 'कोसला' उभी आहे ती या थोड्या पानांवर, आणि बाकीचा उपहास त्या पानांपर्यंत पोहोचण्याची तयारी आहे.

नदीकाठ

केळीची वाडी यांनी म्हटले ते पटले, तरी एक भर घालते. 'कोसला'त पांडुरंगाच्या बरोबरीची, त्याच्याशी वाद घालील अशी एकही स्त्री नाही. आई आहे, बहिणी आहेत, दूरवरून दिसणाऱ्या मुली आहेत. मनी इतकी प्रिय ठरते ती ती बोलू लागण्याच्या, स्वतःचे मत सांगण्याच्या आधीच गेली म्हणून, असा कडू विचार मनात येतो. हा दोष एकट्या नेमाडे यांचा नाही. येथे चर्चिलेल्या सातही कादंबऱ्या पुरुषांनी लिहिल्या आहेत. विभावरी शिरूरकर यांची 'बळी' १९५० ची, म्हणजे आपल्या कुंपणाच्या थोडी आधीची. तीही तारेच्या आतल्या, हजेरी लागणाऱ्या वस्तीचीच कथा आहे आणि ती 'फकिरा'च्या नऊ वर्षे आधी आली. वारणाकाठ यांनी ती वाचली असल्यास 'फकिरा'शेजारी ठेवून त्यांचे मत वाचायला आवडेल.

वारणाकाठ

'बळी' वाचली आहे. तीत मखर नाही. सोलापूरच्या वसाहतीतली माणसे एकमेकांना फसवतात, दारू गाळतात, एकमेकांची चहाडी करतात आणि तरी ती माणसेच राहतात. तळटीप यांच्या कसोटीला ती 'धग'इतकीच उतरेल. परंतु ती कुंपणाबाहेरून, कळवळ्याने पाहणाऱ्या नजरेने लिहिलेली आहे, आणि 'फकिरा' आतून लिहिलेली आहे. माझ्या आजोबांना मी दोन्ही वाचून दाखवल्या होत्या. 'बळी' ऐकून ते म्हणाले की हे अगदी असेच होते. 'फकिरा' ऐकताना ते काही म्हणाले नाहीत. संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचायला सांगितले.

तळटीप

तर मग दुसऱ्या वाचनाविषयीचे माझे विधान आपल्या आजोबांना लागू पडत नाही, हे मान्य करायलाच हवे, कारण त्यांनी दुसरे वाचन मागितले ते निवाडा देणाऱ्याच कादंबरीचे. 'बळी' आणि 'फकिरा' या दोन्ही पुन्हा वाचायला घेतो आहे. 'चक्र' आणि 'वासूनाका' यांच्यासाठी नवा धागा वारणाकाठ किंवा नदीकाठ यांनी काढावा. 'वासूनाका'वर अत्रे यांनी जी आग पाखडली होती तिच्यापासून सुरुवात करता येईल.